पाणीपट्टीचा हिशेब कोण मांडतो?

(संस्थेच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मसुदा)



अभ्यासवर्गासाठी विषय निवडताना मी मुद्दाम थोडा रुक्ष विषय निवडला आहे. पाण्याच्या हक्काविषयी आपण पुष्कळ बोलतो आणि ते योग्यच आहे. परंतु पाण्याच्या दराविषयी आपण फारसे बोलत नाही. घरी पाणीपट्टीचे बिल येते. त्यावर पाण्याचा आकार असतो, खाली मलनिःसारणाचा आकार असतो आणि शेवटी एक बेरीज असते. ती बेरीज जास्त वाटली तर आपण कुरकुर करतो, पैसे भरतो आणि बिल खिळ्याला अडकवून ठेवतो. हा आकडा कोणी ठरवला, कोणत्या हिशेबाने ठरवला आणि त्यावर हरकत घेता येते काय, हे प्रश्न आपल्या मनात येत नाहीत.

आज मला एवढेच सांगायचे आहे की, पाण्याचा दर आभाळातून पडत नाही. ते एक गणित असते. त्या गणितात चार-पाच रकमा असतात आणि प्रत्येक रकमेमागे कोणाचा तरी निर्णय असतो. ज्यांना ते गणित वाचता येते, त्यांचे म्हणणे ऐकले जाते. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना फक्त भरणा करावा लागतो.

उदाहरण म्हणून मी इंग्लंड आणि वेल्सची पद्धत घेतली आहे. तेथील पद्धत आदर्श आहे म्हणून नव्हे. तेथे १९८९ पासून घरगुती पाणी आणि सांडपाणी यांचे दर एक स्वतंत्र नियामक ठरवत आला, त्याचे हिशेब छापून लोकांपुढे आले आणि त्या पद्धतीचे गुण आणि दोष दोन्ही जगाने पाहिले. शेवटी आपण महाराष्ट्राकडे वळू.

नियामक कशासाठी?

बाजारात भाजी महाग वाटली तर आपण दुसऱ्या गाडीवर जातो. पाण्याचे तसे नाही. घरात एकच नळ येतो आणि मोरीतून एकच गटार बाहेर जाते. दोन कंपन्यांनी एकाच रस्त्याखाली दोन-दोन नळ टाकणे परवडणारे नाही. म्हणून पाणीपुरवठा ही स्वभावतःच मक्तेदारी आहे. शिवाय पाण्यावाचून कोणाचेच चालत नाही. अशा ठिकाणी दर ठरवणे पुरवठादारावर सोपवले तर तो हवा तेवढा दर लावील. फक्त पुढाऱ्यांवर सोपवले तर निवडणुकीच्या वर्षी दर वाढणार नाही, नळ मात्र गंजत राहतील. या दोन टोकांच्या मध्ये उभा राहून हिशेब तपासणारा जो तिसरा पक्ष, तो नियामक.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७४ पासून दहा विभागीय जल प्राधिकरणे सरकारी मालकीची होती. १९८९ साली मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ती विकून खाजगी कंपन्या केल्या. विकण्यापूर्वी सरकारने त्यांचे सुमारे पाचशे कोटी पौंडांचे कर्ज माफ केले. म्हणजे कंपन्यांनी जवळपास कोऱ्या पाटीवर कारभार सुरू केला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे. त्याच वर्षी दरांवर देखरेख करण्यासाठी ऑफवॉट हे नियामक कार्यालय स्थापन झाले. इयान बायट हे त्याचे पहिले महासंचालक. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे पाहणारे निरीक्षक वेगळे आणि नदीचे प्रदूषण पाहणारी संस्था वेगळी. ऑफवॉटचे काम प्रामुख्याने पैशाचे. ग्राहकाचे हित जपायचे आणि कार्यक्षम कंपनीला आपले काम चालवण्यापुरता पैसा मिळेल हेही पाहायचे, अशी दुहेरी जबाबदारी कायद्याने त्याच्यावर टाकली.

दर पाच वर्षांनी हा नियामक दरांचा फेरविचार करीत आला. १९९४, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ असे फेरविचार झाले. कंपन्या आपला पाच वर्षांचा आराखडा सादर करतात, नियामक त्याची छाननी करून मसुदा प्रसिद्ध करतो, त्यावर सूचना मागवतो आणि मग अंतिम निर्णय देतो. हा निर्णय मान्य नसेल तर कंपनी स्पर्धा प्राधिकरणाकडे दाद मागू शकते.

साधे गणित

आता प्रत्यक्ष गणिताकडे वळू. विद्यार्थी मित्रांनी वही काढावी.

समजा, एका शहरात एक लाख घरे आहेत. तेथील धरण, जलशुद्धीकरण केंद्र, नळ, गटारे आणि मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रे यांचे हिशेबात धरलेले मूल्य ५०० कोटी रुपये आहे. पगार, वीज, तुरटी, क्लोरीन, दुरुस्ती असा चालू खर्च वर्षाला ३० कोटी. मालमत्ता झिजते, तिची भरपाई म्हणून दरवर्षी ४ टक्के, म्हणजे २० कोटी. आणि ज्यांनी पैसा गुंतवला किंवा कर्जाऊ दिला, त्यांना ४ टक्के परतावा, म्हणजे आणखी २० कोटी. एकूण झाले ७० कोटी. एक लाख घरांत वाटले तर प्रत्येक घरामागे वर्षाला ७,००० रुपये.

करांच्या आणि बिलवसुलीच्या किरकोळ रकमा सोडल्या तर नियामकाचे सारे शास्त्र या चार ओळींत येते. चालू खर्च, झीज, मूल्य आणि परतावा. इंग्लंडच्या नियामकाचे अहवाल हजारो पानांचे असतात, पण ते याच चार ओळींवर लिहिलेले असतात.

आता यातील एकच आकडा बदला. परतावा ४ ऐवजी ५ टक्के धरा. ५०० कोटींवर एक टक्का म्हणजे ५ कोटी. प्रत्येक घरामागे वर्षाला ५०० रुपये वाढले. पाणी एक थेंब वाढले नाही, गळणारा एक नळ दुरुस्त झाला नाही, फक्त एक टक्का बदलला. म्हणून दराच्या चर्चेत हुशार माणसे तुरटीच्या भावावर भांडत नाहीत. ती टक्क्यावर भांडतात.

चालू खर्च कसा तपासायचा?

पहिली अडचण अशी की, खरा खर्च किती हे कंपनीला ठाऊक असते, नियामकाला नसते. कंपनी शंभर मागते, खरी गरज ऐंशीची असते. यावर इंग्लंडच्या नियामकाने तुलनेचा उपाय योजला. बाजारात स्पर्धा नाही, तर निदान कागदावर स्पर्धा लावावी. किती घरे, किती मैल नळ, किती उंचावर पाणी चढवावे लागते, किती मैलापाणी शुद्ध करावे लागते, या गोष्टी लक्षात घेऊन सर्व कंपन्यांचे खर्च शेजारी मांडायचे आणि जी कमी खर्चात चांगले काम करते, तिच्या जवळपासचा खर्च सर्वांना मान्य करायचा. उधळ्या कंपनीचा जादा खर्च ग्राहकाच्या माथी मारायचा नाही. याच कारणाने मोठ्या जल कंपन्यांच्या विलीनीकरणाकडे तेथे खास नजरेने पाहिले जाते. तुलनेला दहा कंपन्यांऐवजी चारच उरल्या तर नियामकाच्या हातची काठी आखूड होते.

ठरवून दिलेल्यापेक्षा कमी खर्च झाला तर बचतीचा काही भाग कंपनीला मिळतो, पुढील फेरविचारात तिचा फायदा ग्राहकाला मिळतो. १९९९ च्या फेरविचारात हे दिसून आले. त्या वेळी नियामकाने एप्रिल २००० पासून सरासरी १२.३ टक्के दरकपात केली. नियामकाने मनावर घेतले तर दर खालीही येतात, हे त्यावरून सिद्ध होते.

मालमत्तेचे मूल्य

दुसरी ओळ मूल्याची. ही सर्वांत नाजूक बाब आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

आपल्या उदाहरणातील सारी यंत्रणा आज नव्याने बांधायची ठरवली तर कदाचित २,००० कोटी लागतील. एखादा म्हणेल, मूल्य २,००० कोटी धरा. मग ४ टक्के परतावा ८० कोटी होईल आणि केवळ त्यापोटी प्रत्येक घराला ८,००० रुपये भरावे लागतील. पण ती जुनी गटारे आणि ते तलाव तर आजोबा-पणजोबांच्या करांतून बांधले गेले! नव्या मालकाने त्यासाठी तेवढा पैसा दिलेला नाही. जे भांडवल त्याने घातलेच नाही, त्यावर परतावा कसला?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न खरोखर उभा राहिला. नियामकाने उत्तर दिले की, यंत्रणा नव्याने बांधण्याची किंमत धरायची नाही. भागविक्रीनंतर पहिल्या २०० दिवसांत शेअर बाजारात कंपनीची सरासरी किंमत जी होती, ती आधारभूत धरायची. नंतर जे नवे भांडवल खरोखर घातले जाईल ते त्यात मिळवायचे, झीज वजा करायची आणि महागाईनुसार आकडा वाढवायचा. याला तेथे नियामक भांडवली मूल्य म्हणतात. दोन पिढ्यांच्या ग्राहकांचे केवढे पैसे या एका निर्णयाने वाचले असतील, याचा विचार करा. आपल्याकडेही सार्वजनिक पैशाने बांधलेली योजना कोणाच्या हाती सोपवली जाते, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की, मूल्य कोणते धरले?

परताव्याचा टक्का

तिसरी ओळ परताव्याची. कंपनीला कर्जावर व्याज द्यावे लागते आणि भागधारकांना नफ्याची अपेक्षा असते. या दोहोंची सरासरी काढून नियामक एक टक्का ठरवतो. एक आदर्श कंपनी कल्पून, तिने किती भाग कर्जाने उभा केला असता हे नियामक धरतो. २०१९ च्या फेरविचारात कर्जाचा हा भाग ६० टक्के धरला होता, २०२४ मध्ये ५५ टक्के. महागाई वगळून परतावा २०१९ मध्ये सुमारे ३ टक्के ठरला होता, २०२४ मध्ये तो ४.०३ टक्के ठरला. दरम्यान जगभर व्याजाचे दर चढले, त्याचा हा परिणाम. एका टक्क्याने काय होते ते आपण मघाशी पाहिलेच आहे.

सांडपाण्याचे काय?

पाणी मोजता येते. नळाला मीटर बसतो. पण मोरीतून आणि संडासातून काय गेले ते कोणी मोजत नाही. म्हणून सांडपाण्याचा आकार अंदाजाने लावतात. इंग्लंडमध्ये मीटर असलेल्या घरात जेवढे पाणी आले, त्याच्या सुमारे ९० ते ९५ टक्के गटारात गेले असे बऱ्याच कंपन्या धरतात. उरलेले बागेत, पिण्यात, वाळण्यात गेले. मीटर नसलेल्या घरांना जुन्या घरपट्टीच्या मूल्यावर आकारणी होते. छपरावरील पावसाचे पाणी सार्वजनिक गटारात जात नसेल, तर अर्ज केल्यावर त्यापोटीचा आकार कमी होतो. पुष्कळ लोकांना हे माहीतच नसते आणि ते वर्षानुवर्षे पैसे भरत राहतात. माहिती नसणे हासुद्धा एक करच आहे, मित्रांनो!

तेथील बिलात सांडपाण्याचा हिस्सा साधारणपणे पाण्याच्या हिश्श्यापेक्षा कमी नसतो, कारण घाण पाणी शुद्ध करून नदीला परत देणे हे स्वच्छ पाणी घरी आणण्याइतकेच खर्चाचे काम आहे. आपल्याकडे पाणी आणण्याचे उद्‌घाटन होते, घाण वाहून नेण्याचे सहसा होत नाही. गटारात उतरून मरणारी माणसे कोणत्या वस्तीतील असतात, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. गटार साफ करण्यासाठी यंत्रे, शुद्धीकरण केंद्रे आणि कामगारांची सुरक्षा यांचा खर्च दराच्या हिशेबात पूर्णपणे धरला नाही, तर ती किंमत कोणीतरी आपल्या देहाने चुकवतो. स्वस्त सांडपाणी नेहमीच स्वस्त नसते.

एकूण रक्कम आणि तिची वाटणी

येथपर्यंत एकूण रक्कम ठरली. आता दुसरा प्रश्न येतो. ती कोणी किती भरायची? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. एकूण रक्कम रास्त असूनही तिची वाटणी अन्यायाची होऊ शकते.

सर्वांना सारखा आकार लावला तर झोपडी आणि बंगला एका मापाने मोजले जातात. मीटरने लावला तर जो जास्त वापरतो तो जास्त भरतो, हे वरवर न्याय्य दिसते. पण ज्या घरात पाच मुले आहेत किंवा ज्या आजारात वारंवार धुणे-पुसणे लागते असा रुग्ण आहे, त्या घराचे पाणी चैनीने वाढलेले नसते. यासाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी तरतूद आहे की, मीटर असलेल्या आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबात तीन किंवा अधिक लहान मुले असतील, किंवा जास्त पाणी लागणारा आजार असेल, तर त्यांचे बिल कंपनीच्या सरासरी बिलाच्या वर जाऊ द्यायचे नाही. याखेरीज प्रत्येक कंपनीची गरिबांसाठी स्वतंत्र सवलत असते. मात्र ती प्रत्येक कंपनीत वेगळी असल्याने, सारख्याच गरिबीला एका शहरात जास्त सूट मिळते आणि दुसऱ्या शहरात कमी.

जास्त वापराला चढता दर लावण्याची पद्धत पुष्कळांना आवडते. पण आपल्या चाळींत आणि वस्त्यांत जेथे एका नळजोडणीवर दहा घरे पाणी भरतात, तेथे काय होईल? दहा घरांचे पाणी एका मीटरवर चढेल आणि गरीब माणूस बंगलेवाल्याच्या दरात जाऊन बसेल. दराचा तक्ता कागदावर गरिबांच्या बाजूचा असून चालत नाही, तो नळावर तसा ठरला पाहिजे.

आणि ज्याला भरताच येत नाही त्याचे काय? खाजगीकरणानंतर तेथे बिल थकल्यामुळे पाणी तोडण्याचे प्रकार वाढले. १९९१-९२ या एका वर्षात वीस हजारांहून अधिक घरांचे पाणी तोडले गेले. पुढे काही कंपन्यांनी आधी पैसे भरा, मग पाणी घ्या, अशी यंत्रे घरात बसवली. पैसे संपले की झडप आपोआप बंद. कागदोपत्री कोणी पाणी तोडलेच नाही! काही स्थानिक प्रशासन संस्था याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि १९९८ साली उच्च न्यायालयाने ही यंत्रे बेकायदा ठरवली. १९९९ च्या कायद्याने राहत्या घराचे पाणी थकबाकीसाठी तोडण्यास साफ मनाई केली. थकबाकी वसूल करण्याचे इतर मार्ग कंपनीला मोकळे आहेत, परंतु नळ बंद करता येत नाही. त्या देशाने घेतलेला हा सर्वांत मोठा धडा आहे, असे मला वाटते. दर आकारणे वेगळे आणि तहान ओलीस ठेवणे वेगळे.

गणित बरोबर, उत्तर चूक

आता त्या पद्धतीची काळी बाजू पाहू. १९८९ साली जवळपास कर्जमुक्त असलेल्या या कंपन्यांवर २०२४ पर्यंत मिळून ६,००० कोटी पौंडांहून अधिक कर्ज साचले. नियामक आदर्श कंपनी कल्पून टक्का ठरवत होता, पण प्रत्यक्षातील काही कंपन्यांनी त्याहून कितीतरी जास्त कर्ज काढले. दुसरीकडे भागधारकांना लाभांश मिळत राहिला. कंपनी आपला पैसा कोठून उभारते हा तिचा प्रश्न, त्याची झळ ग्राहकाला लागत नाही, असे पुष्कळ वर्षे मानले गेले. लंडनला पाणी पुरवणारी थेम्स वॉटर १,५०० कोटी पौंडांहून अधिक कर्जाखाली अडचणीत आली, तेव्हा हे मानणे किती धोक्याचे होते ते दिसले. मे २०२५ मध्ये नियामकाने या कंपनीला १२.२७ कोटी पौंड दंड ठोठावला. सांडपाण्याच्या कामातील नियमभंग आणि अनुचित लाभांश ही त्याची कारणे होती.

नद्यांची अवस्था त्याहून वाईट. तेथील बऱ्याच जुन्या शहरांत पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकाच गटारातून वाहते. जोराचा पाऊस झाला की गटार तुंबू नये म्हणून ते थेट नदीत सोडण्याची सोय आहे. ही सोय अपवादासाठी होती. २०२३ साली इंग्लंडमध्ये असे पाणी एकूण ३६ लाख तासांहून अधिक काळ सोडले गेले. दर कमी ठेवावा या दबावाने गुंतवणूक मागे पडली असे कंपन्या म्हणाल्या. पैसा आला तो लाभांशात गेला असे लोक म्हणाले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

परिणाम असा झाला की, १९ डिसेंबर २०२४ च्या निर्णयाने २०२५ ते २०३० या पाच वर्षांसाठी १०,४०० कोटी पौंडांचा खर्च मंजूर झाला आणि घरगुती बिल महागाई वगळून सरासरी ३६ टक्क्यांनी वाढणार असे ठरले. म्हणजे वर्षाचे सरासरी बिल सुमारे ४४० पौंडांवरून ५९७ पौंडांवर जाणार. एका पिढीने टाळलेला खर्च दुसऱ्या पिढीच्या बिलात व्याजासह येतो. तरीही पाच कंपन्यांना एवढी वाढ अपुरी वाटली आणि त्यांनी स्पर्धा प्राधिकरणाकडे दाद मागितली. जुलै २०२५ मध्ये सर जॉन कन्लिफ यांच्या आयोगाने ऑफवॉट बरखास्त करून सर्व जलविषयक देखरेख एका नव्या संस्थेकडे द्यावी अशी शिफारस केली आणि सरकारने ती मान्य असल्याचे जाहीर केले.

यातून खाजगी वाईट आणि सरकारी चांगले, एवढाच सोपा निष्कर्ष काढू नये. वेल्समधील मुख्य जल कंपनी २००१ पासून भागधारक नसलेल्या संस्थेच्या मालकीची आहे. स्कॉटलंडमध्ये पाणी सरकारी मालकीचेच राहिले आणि तेथेही दर ठरवायला नियामक आहे. मालक कोणीही असो, नळ झिजतात आणि खर्च होतोच. मात्र पैसा कोठे गेला हे पाहणारा डोळा मिटला, तर हिशेब कितीही नीट मांडला तरी लोकांच्या वाट्याला कर्ज आणि घाण येते.

आपल्याकडे

महाराष्ट्राने २००५ साली कायदा करून जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केले. अशा स्वरूपाचे ते देशातील पहिले. परंतु ते आपल्या नळाचा दर ठरवत नाही. धरणातून शेतीला, शहरांना आणि कारखान्यांना जे ठोक पाणी मिळते, त्याचे दर ते ठरवते. कायद्याचे तत्त्व असे की, व्यवस्थापन, देखभाल आणि दुरुस्तीचा खर्च पाणीपट्टीतून पूर्ण वसूल व्हावा. इंग्लंडप्रमाणे भांडवलावर परतावा त्यात धरलेला नाही. मघाच्या गणितातील परताव्याची ओळ तेथे नाही, हा फरक ध्यानात ठेवावा. कोणत्या गटाने किती भार उचलावा, हा वाद मात्र तेथेही आहेच.

घरगुती नळाचा दर महानगरपालिका आणि नगरपरिषदा ठरवतात. महानगरपालिका अधिनियमानुसार पुढील वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. म्हणजे पाणीपट्टीवर बोलण्याची वेळ बिल आल्यावर नसते, त्याआधीच्या हिवाळ्यात असते. आपले मोर्चे मात्र बहुधा उन्हाळ्यात निघतात!

नळच नसलेल्यांचा प्रश्न तर आणखी मूलभूत आहे. ज्या वस्तीला अधिकृत जोडणी मिळत नाही, ती टँकरवाल्याकडून आणि दलालाकडून हंड्याच्या भावाने पाणी घेते. त्या भावाला कोणी नियामक नाही आणि लिटरमागे तो नळाच्या दरापेक्षा कितीतरी अधिक असतो. म्हणून गरिबाला पाणी फुकट हवे असते ही समजूत खोटी आहे. तो आजच सर्वांत महाग पाणी पितो आहे. मुंबईतील अनधिकृत झोपड्यांबाबत पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पाण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग आहे आणि घर अनधिकृत आहे एवढ्या कारणाने तो नाकारता येणार नाही. दर वेगळा लावता येईल, पण पाणी नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय होता.

येथे महाडची आठवण अपरिहार्य आहे. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा जो ठराव संमत झाला, त्याचा आधार काय होता? सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे सर्वांना खुले असावेत. चवदार तळे नगरपालिकेचे होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो लोक त्या तळ्यावर गेले, तेव्हा त्यांच्या पाठीशी माणुसकीचा हक्क होता, तसाच या सार्वजनिक पैशाचा हिशेबही होता. ज्या गोष्टीला सर्वांचा पैसा लागतो, ती सर्वांची असते. त्या वेळी अडवणारा हात माणसाचा होता. उद्या तोच अडसर एखाद्या तक्त्यातील आकडा होऊन येऊ शकतो. आकड्याला जात नसते, पण तो कोणाला परवडतो आणि कोणाला नाही, यावरून पाणवठ्यावर पुन्हा दोन रांगा लागू शकतात.

चार प्रश्न

म्हणून विद्यार्थी मित्रांनी पाण्याच्या दराचा कोणताही प्रस्ताव हाती आला की चार प्रश्न विचारावेत. पहिला, मालमत्तेचे मूल्य कसे धरले आणि तो पैसा मुळात कोणाचा? दुसरा, परतावा किंवा व्याज किती टक्के आणि ते कोणाला मिळणार? तिसरा, सांडपाण्याचा आणि ते काम करणाऱ्या माणसांच्या सुरक्षेचा खर्च त्यात आहे काय? चौथा, जो भरू शकत नाही त्याचे पाणी चालू राहणार काय? या चार प्रश्नांसाठी मोठी पदवी लागत नाही. शाळेतली टक्केवारी पुरते.

संस्थेच्या सभासदांना माझी विनंती आहे की, आपल्या शहराचे अंदाजपत्रक दरवर्षी मिळवावे, त्यातील पाणीपुरवठा आणि मलनिःसारणाची पाने अभ्यासवर्गात वाचावीत आणि फेब्रुवारीपूर्वी आपले निवेदन लेखी द्यावे. वस्तीतील दहा-दहा घरांची बिले एकत्र करून कोण लिटरमागे किती भरतो याचा तक्ता विद्यार्थ्यांनी तयार करावा. असा एक तक्ता शंभर घोषणांपेक्षा जड असतो, कारण त्याला उत्तर द्यावेच लागते.

ज्यांनी रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये प्रबंध लिहिला, त्यांना मानणाऱ्या आपण रुपया-पैशांच्या हिशेबाला भिऊ नये. 

जय भीम!